पाचवे वातावरण

१९९५ च्या एप्रिलअखेरीस, निकालपत्रके तयार होऊन सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी, आमच्या शाळेच्या पटांगणात माझा निरोपसमारंभ झाला, तेव्हा शाल, श्रीफळ आणि चौकटीत बसविलेले मानपत्र असा जो त्रिविध अहेर अशा प्रसंगी कोणालाच चुकत नाही तो मलाही मिळाला. आणि त्या मानपत्राच्या दुसऱ्याच ओळीत, चित्रकलेच्या सरांच्या वळणदार अक्षरांत, ‘पितृतुल्य मुख्याध्यापक’ हे शब्द तांबड्या शाईने उठवून काढलेले होते. ते वाचले जाताच टाळ्या पडल्या, गावच्या मंडळींनी माना डोलावल्या आणि माझ्या पत्नीने डोळ्यांना पदर लावला. मी मात्र खुर्चीत किंचित अवघडलो. सभेतील एकाही माणसाला ठाऊक नव्हते की, अकरा-बारा वर्षांपूर्वी हाच शब्द, निराळ्या भाषेतून आणि निराळ्या हेतूने, मला एकदा बहाल झालेला होता, आणि त्या वेळी त्याने माझी कित्येक रात्रींची झोप उडविली होती.

आमचे गाव पुरंदर तालुक्यातले, म्हणजे पर्जन्यछायेतले. १९७१ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, मी तेथील हायस्कूलचा मुख्याध्यापक झालो आणि पुढच्याच वर्षी तो दुष्काळ पडला, ज्याची आठवण आमच्या भागातील म्हातारी माणसे अजून ‘बहात्तर साल’ एवढ्याच दोन शब्दांनी काढतात. मुले आईबापांबरोबर खडी फोडावयास जाऊ लागली, हजेरीपत्रके ओस पडली, आणि मी सायकलीवर टांग टाकून दुष्काळी कामांवर जावे, मुकादमाची मनधरणी करावी आणि दोनचार मुले परत वर्गात आणून बसवावीत, असा क्रम वर्षभर चालला. शिक्षकांचे पगार रेंगाळले की वाण्याच्या वहीत उधारी माझ्या नावावर चढे. दुष्काळ सरला, परंतु त्या वर्षी अंगी लागलेली सवय सरली नाही. शाळेचे कुलूप मीच उघडीत असे. वेळापत्रक मे महिन्यात घरी बसून मीच आखीत असे. गैरहजर शिक्षकाच्या बदली तासांच्या चिठ्ठ्या, टाचणवह्यांची तपासणी, वेतनपत्रकाची पडताळणी, इतकेच नव्हे तर आवक-जावक बारनिशीतील नोंदींवरही माझाच हात फिरे. पतपेढीच्या कर्जाला जामीन मी, शिक्षकाच्या बहिणीच्या लग्नाची बोलणी करण्यात मी, आणि दोन शिक्षकांत धुसफूस झाली तर दोघांनाही घरी बोलावून पोहे खाऊ घालणाराही मीच. हे सारे मी कर्तव्य म्हणून करीत होतो असे म्हणणे अर्धसत्य होईल. त्यात मला सुख होते.

या सुखाला पहिली चीर पडली ती कायद्याने. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा अधिनियम आणि त्याखालील १९८१ ची नियमावली १५ जुलै १९८१ पासून अंमलात आली. आणि जी ज्येष्ठता तोवर संस्थाचालकांच्या स्मरणशक्तीवर व मर्जीवर अवलंबून असे, तिची रीतसर यादी करून ती शिक्षकांना दाखविणे व तिच्यावरील हरकती ऐकणे भाग पडले. आमच्या शाळेतील दोन शिक्षकांनी लेखी हरकत घेतली. हरकत न्याय्य होती, हे मला तेव्हाही दिसत होते. पण ती लेखी होती याचे मला विलक्षण दुःख झाले. त्यांपैकी एकाला बाजूला घेऊन मी म्हणालो, “अहो, तोंडी सांगितलं असतं तर चाललं नसतं का?” ते गृहस्थ स्वभावाने अतिशय सौम्य होते. ते म्हणाले, “हेडसर, तोंडी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकून घेतलं असतं, चहा पाजला असता, आणि विषय तिथंच संपला असता.”

या उत्तरातील खोच मला समजली असे नाही. कायदा आपल्याला समजत नाही, एवढेच मी त्यातून घेतले. म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी, १९८२ च्या जूनमध्ये, मी पुण्याच्या एका अध्यापक महाविद्यालयात अर्धवेळ एम.एड.साठी नाव घातले आणि ‘शैक्षणिक प्रशासन व संघटन’ हा विशेष विषय निवडला. ना-हरकत दाखला मागावयास गेलो तेव्हा संस्थेचे अध्यक्ष चष्म्यावरून पाहत म्हणाले, “हेडमास्तर तर झालातच; आता आणखी काय व्हायचं राहिलंय?” प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता. त्या काळी शिक्षक मुख्याध्यापक होई तो सेवेची वर्षे मोजून. खुर्चीत बसल्यावर काय करावयाचे, हे आधीचा खुर्चीतला माणूस जसे करीत होता त्यावरून, किंवा त्याच्या उलट वागून, शिकावयाचे असे. बी.एड.ला आम्हांला फळा कसा पुसावा हे शिकविले होते. माणसांचा समुदाय कसा चालवावा, हे कोणीच शिकविले नव्हते.

सायंकाळची एस.टी. दिवे घाट उतरून स्वारगेटला पोहोचे तेव्हा अंगावर धूळ आणि डोळ्यांवर झोप असे; वर्गात माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान मंडळी; आणि परतीची शेवटची गाडी चुकू नये म्हणून व्याख्यानाच्या अखेरच्या दहा मिनिटांत माझे अर्धे लक्ष घड्याळाकडे. तरीही त्या व्याख्यानांची मला गोडी लागली. हेन्री फायोल हा फ्रान्समधील खाणींचा व्यवस्थापक. त्याने १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या विवेचनातील चौदा तत्त्वे आम्हांला मुखोद्गत करावी लागत. त्यांतील एक असे की, कोणत्याही माणसाला हुकूम देणारा वरिष्ठ एकच असावा. हे वाचून मी वहीच्या समासात माझे वरिष्ठ लिहून काढले : संस्थेचे अध्यक्ष, संस्थेचे सचिव, जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, तपासणीस येणारे त्यांचे साहाय्यक, परीक्षा मंडळ, सरपंच, आणि ज्यांच्या वाड्यात शाळेचे दोन वर्ग भरत ते वाड्याचे मालक. सात झाले. खाजगी अनुदानित शाळा ही फायोलच्या खाणीहून खोल वस्तू आहे, असे मी पुढे लिहिले आणि मग, प्राध्यापक वह्या पाहतात हे आठवून, खोडून टाकले.

रविवारी मी कोथरूडला भारतीय शिक्षण संस्थेच्या ग्रंथालयात जात असे. ती संस्था १९४८ साली उभारणारे जे. पी. नाईक आदल्याच वर्षी, ऑगस्ट १९८१ मध्ये, निवर्तले होते. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून साऱ्या देशाच्या शिक्षणाचा ताळेबंद मांडणारा हा मनुष्य मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातील एका खेड्यातला, ही गोष्ट त्या शांत दालनात बसल्यावर मला मोठा धीर देऊन जाई. तेथेच मी महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे ठेवलेले निवेदन वाचले. त्या निवेदनाला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे होत होती. फुल्यांच्या पूर्वजांचे खानवडी गाव आमच्याच तालुक्यातले. आणि वेळ पडल्यास नांगराचा रुमणा धरावयास लाजणार नाही असा शिक्षक हवा, त्याला बारा रुपयांहून कमी पगार नसावा, असे त्यांनी त्यात स्पष्ट मागितले होते. प्रशासनशास्त्राच्या आमच्या क्रमिक पुस्तकात हे निवेदन नव्हते. असावयास हवे होते.

लघुप्रबंधासाठी मार्गदर्शकांनी मला ‘माध्यमिक शाळांचे संघटनात्मक वातावरण’ हा विषय सुचविला. अँड्र्यू हॅल्पिन आणि डॉन क्रॉफ्ट या दोघा अमेरिकनांनी ७१ प्राथमिक शाळांची पाहणी करून या विषयावर १९६३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला होता. व्यक्तीला जसे व्यक्तिमत्त्व, तसे शाळेला वातावरण, अशी त्यांची धारणा होती. आणि ते मोजण्यासाठी त्यांनी चौसष्ट विधानांची एक प्रश्नावली रचली होती. शिक्षकाने प्रत्येक विधानापुढे ते आपल्या शाळेत क्वचित घडते, कधीकधी, बरेचदा की वारंवार, एवढी खूण करावयाची. त्या खुणांवरून आठ परिमाणे निघत : शिक्षकांकडून विलगता, कामातील अडथळा, उमेद व जवळीक, आणि मुख्याध्यापकाकडून अलिप्तता, कामाचा रेटा, चालना व आस्था. आणि या आठांच्या चढउतारांवरून शाळेचे वातावरण सहा प्रकारांपैकी एकात बसे : खुले, स्वायत्त, नियंत्रित, घरगुती, पितृवत् आणि बंदिस्त. क्रम असाच, पहिले उत्तम, शेवटचे वाईट.

या विधानांचे मराठी करताना जी त्रेधा उडाली, तिच्यातून मी प्रत्यक्ष अभ्यासक्रमापेक्षा अधिक शिकलो असे आज वाटते. शिक्षक सहकाऱ्यांना आपल्या घरी येण्याचे आमंत्रण देतात काय, अशा आशयाचे एक विधान होते. आमच्या खेड्यात आमंत्रण कोण कोणाला देतो? संध्याकाळी फिरता फिरता ओट्यावर टेकावे, चहा येतोच. पण कोणाच्या ओट्यावर टेकावे आणि कोणाच्या घरचा चहा घ्यावा, यामागे जातीची जी अलिखित नियमावली होती, ती त्या अमेरिकन पुस्तकात कोठून असणार? आमच्या एका सहकाऱ्याच्या घरी, ते शाळेत येऊन नऊ वर्षे झाली तरी, तिघांखेरीज कोणी पाणी प्यालेले नव्हते. त्यांनी त्या विधानापुढे कोणती खूण करावी? आणि मुख्याध्यापक शिक्षकांची खाजगी कामे करून देतो काय, हे विधान वाचताना तर मला माझ्या पतपेढीच्या जामीनपत्रांची चळतच डोळ्यांपुढे दिसली. ते विधान ‘आस्थे’त मोजले जात असे. मला मनातून आनंद झाला.

प्रश्नावली फक्त शिक्षकांसाठी होती. शिपाई आणि लिपिक तिच्यात कोठेच नव्हते. आमच्या शाळेतील शिपायांना लहानथोर सारेच ‘मामा’ म्हणत. कोणत्या वर्गात कोण आज रडले, कोणते सर घरी भांडून आलेले आहेत, तपासणीस येणाऱ्या साहेबांना चहात साखर किती लागते, हे सर्व मामांना ठाऊक असे. आणि घंटा दोन मिनिटे उशिरा पडली तर त्याला काही कारण असे. शाळेच्या वातावरणाबद्दल ज्यांना सर्वाधिक कळत होते, त्यांना विचारण्याची शास्त्रात सोय नव्हती. मी मार्गदर्शकांना तसे म्हटले तेव्हा ते म्हणाले, “नमुन्याच्या व्याख्येत बसत नाहीत.”

तालुक्यातील इतर शाळांतून मी स्वतः हिंडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. स्वतःच्या शाळेत मात्र ते योग्य नव्हते; ज्यांचे गोपनीय अहवाल मी लिहीत होतो, ते माझ्यासमोर माझ्याविषयी काय लिहिणार? तेव्हा आमच्या वर्गातील एका बाईंशी मी अदलाबदल ठरविली. त्या पुण्याच्या एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, बोलण्यात रोखठोक. त्यांच्या शाळेत मी जावे, माझ्या शाळेत त्यांनी यावे. त्या एका शनिवारी, सकाळच्या शाळेच्या वेळी आल्या, आणि गठ्ठा हातात घेताच म्हणाल्या, “सर, एवढा तासभर तुम्ही शाळेत नको.”

मी बाहेर पडलो. कोठे जावे हे कळेना, म्हणून एस.टी.च्या थांब्यावरील पिंपळाच्या पारावर जाऊन बसलो. तेथे आमच्या नववीतील तीन मुले गोट्या खेळत होती. मला पाहताच ती अशी पळाली की, एकाची वहाण तेथेच राहिली. मग माझ्या ध्यानात आले की, अकरा वर्षांत, शाळेच्या वेळात, सरकारी कामाखेरीज मी शाळेबाहेर पहिल्यानेच बसलो होतो. घंटा ऐकू आली. ती माझ्यावाचून वेळेवर झाली होती. याचे बरे वाटण्याऐवजी मला एक चमत्कारिक रुखरुख लागली, हे मी येथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

गुणांकन किचकट होते. कच्च्या गुणांचे सरासरी ५० व प्रमाणविचलन १० अशा प्रमाण-गुणांत दोनदा रूपांतर करावयाचे, मग शाळेचे आठ आकडे सहा नमुना-आलेखांशी ताडून पाहून, चिन्हांकडे न पाहता फरकांच्या बेरजा करावयाच्या. ज्या नमुन्याशी बेरीज सर्वांत लहान, ते त्या शाळेचे वातावरण. कंदिलाच्या उजेडात, भारनियमन असलेल्या एका रात्री, मी आमच्या शाळेच्या बेरजा केल्या. सर्वांत लहान बेरीज पाचव्या नमुन्याशी आली. पुन्हा केल्या. तिसऱ्यांदा केल्या. पितृवत्.

ग्रंथातील त्या नमुन्याचे वर्णन मी आधी वाचलेले होते, पण इतरांचे म्हणून वाचले होते. त्याचा आशय असा : येथे मुख्याध्यापक एकाच वेळी सर्वत्र असतो, पाहतो, तपासतो, सांगतो, शाळा हेच त्याच्या आयुष्याचे मुख्य आस्थास्थान असते. शिक्षकांवर कागदपत्रांचा बोजा फार नसतो, कारण ती कामे तो स्वतःच उरकतो. त्याची आस्था पुष्कळ असते. पण ती शिक्षकांना खरी वाटत नाही, तिच्यात त्यांना त्याचीच गरज दिसते. शिक्षक गटागटांत विखुरलेले असतात आणि त्यांची उमेद खालावलेली असते. माझ्या शाळेच्या आलेखात अडथळ्याचा आकडा खाली होता आणि उमेदीचाही खाली होता. मी त्यांची कामे उचलली होती, आणि कामांबरोबर आणखीही काहीतरी उचलून नेले होते.

मी भांडलो. बाप हा शब्द अमेरिकेत एक आणि आमच्याकडे दुसरा. एकत्र कुटुंबातील कर्ता हा जुलमी नव्हे, तो विश्वस्त होय. ज्या समाजात सत्कारसभेत ‘पितृतुल्य’ याहून मोठी पदवी नाही, तेथे हेच वातावरण पहिल्या क्रमांकाचे का मानू नये, असा दोन पानांचा युक्तिवाद मी लघुप्रबंधात घातला. मार्गदर्शकांनी तांबड्या पेन्सिलीने त्यावर उभी रेघ ओढून समासात ‘मतप्रदर्शन’ असे लिहिले. पुढे कित्येक वर्षांनी वाचनात आले की, १९८६ मध्ये वेन हॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावलीची सुधारणा केली आणि मधले धूसर प्रकार गाळून चारच वातावरणे ठेवली. त्यांत ‘पितृवत्’ नाही. ज्या शब्दाने मला छळले, तो त्या शास्त्रानेच टाकून दिला. माझ्या युक्तिवादाचा हा विजय मानावयास हरकत नव्हती. पण तोवर तो लढविण्याची माझी इच्छा उरली नव्हती.

ती का उरली नाही, याचे कारण पुस्तकातले नाही. १९८४ च्या ज्येष्ठात, परीक्षा संपवून मी मोकळा झालो असता, ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नेहमीप्रमाणे दिवे घाट चढून सासवडला मुक्कामास आली. समाजआरती मी लहानपणापासून पाहत आलो आहे. तंबूपुढे दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा गजर चाललेला असतो, आणि चोपदार आपला दंड उंचावतो तसे सारे टाळ एकदम थांबतात. परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ थांबवीत नाही. चोपदाराने तिच्यापर्यंत जावयाचे, तक्रार ऐकून तिचे समाधान करावयाचे. मग ते टाळ थांबतात, हरवल्या-सापडल्याच्या सूचना होतात, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते आणि आरती होते. हैबतबाबांनी घालून दिलेल्या या सोहळ्यात तक्रारीला मुळातच जागा ठेवलेली आहे, आणि ती सर्वांदेखत आहे. त्या दिवशी कोठलीशी एक दिंडी बराच वेळ टाळ वाजवीत राहिली. माझ्या शेजारचे म्हातारे वारकरी कंटाळले नाहीत की रागावलेही नाहीत. “वाजू द्या,” म्हणाले. मला आमची शिक्षकसभा आठवली. तेरा वर्षांत माझ्या सभेत कोणाचाही टाळ वाजत राहिला नव्हता. मी त्याला एकोपा समजत होतो. ती लेखी हरकत हा पहिला टाळ होता, आणि चहा पाजून तो थांबविता आला नाही याचे मला दुःख झाले होते.

१९८५ च्या एप्रिलात मी शिक्षकसभेत सांगितले की, येत्या वर्षाचे वेळापत्रक मी करणार नाही, तुम्ही करावे. प्रथम कोणाचा विश्वास बसेना. मग पंधरवडाभर शिक्षककक्षात जो कोलाहल झाला त्याचे वर्णन मी करीत नाही. गणिताच्या शिक्षकांना पहिले दोन तास हवे होते, इंग्रजीच्यांनाही तेच हवे होते. मधल्या सुट्टीनंतरचा तास कोणालाच नको होता. खेळाचे शिक्षक, ज्यांना मी दरवर्षी शेवटचे तास देत आलो होतो, ते प्रथमच बोलले की, मेच्या उन्हाने तापलेल्या पटांगणावर जूनमध्ये दुपारी मुलांना उभे करणे हे पाप आहे. तिघे-चौघे माझ्याकडे आले : “हेडसर, तुम्हीच करून टाका, आम्हांला जमत नाही.” करून टाकण्यास मला एक रात्र लागली असती, आणि माझे हात अक्षरशः शिवशिवत होते. मी म्हटले, “नाही जमलं तर घंटेवाचून शाळा भरवू.” हे बोलताना माझा आवाज फारसा स्थिर नव्हता.

वेळापत्रक झाले. ते माझ्या वेळापत्रकाहून निर्विवाद वाईट होते. आठवीच्या एका तुकडीला बुधवारी लागोपाठ तीन तास भाषेचेच आले होते, प्रयोगशाळेत एकाच वेळी दोन वर्ग जात होते, आणि चार निरनिराळ्या हस्ताक्षरांतील तो तक्ता खाडाखोडीने इतका भरला होता की तपासणीस आलेल्या साहेबांनी, “हे काय चाललं आहे?” असे विचारले. “शिक्षकांनी केलं आहे,” एवढेच मी म्हणालो. शेरेबुकात त्यांनी या बाबीवर प्रतिकूल शेरा मारला. तो शेरा आमच्या शाळेत अजून असेल. प्रयोगशाळेचा घोळ दिवाळीपर्यंत चालला आणि मग, मला न विचारता, दोन शिक्षकांनी आपसांत तास बदलून तो मिटविला.

जामीन राहणे मी सोडले नाही. माणसाचा स्वभाव पदवीने पालटत नाही. कुलूप मात्र मामा उघडू लागले.

पुढच्या वर्षी, मार्चच्या परीक्षांच्या धामधुमीत, एके दुपारी मामा चहा घेऊन आले आणि कप ठेवून तेथेच घुटमळले. मी मान वर केली.

“हेडसर, कार्डबोर्डाचा मोठा कागद पाहिजे. लाकडी कपाटातला.”

“कशाला?”

“ते वेळापत्रकाला. सर लोक दोन दिवस झाले बसलेत की संध्याकाळी, सुटल्यावर. बाईंच्या घरी.” मग, आपण काही अधिकउणे बोललो काय अशा शंकेने, त्यांनी माझ्याकडे पाहिले. “तुम्हांला ठाऊक नव्हतं व्हय?”

मी किल्ली काढून दिली.